उताराची 93 मिनिटं

देवळाली प्रवरा, ता. राहुरी
सप्टेंबर अखेर

चि. राणीस,


साताऱ्याची हाफ मॅरेथॉन पळून परतल्यावर तू पाठवलेला मजकूर आणि घड्याळातले आकडे, दोन्ही नीट पाहिले. हा विषय फोनवर बोलण्यासारखा नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि लगेच मामीशी दिवाळीच्या गप्पा सुरू होतात. म्हणून कागद घेऊन बसलोय. निवांत वाच. पटलं नाही तर तसं स्पष्ट लिही. फक्त पूर्ण मॅरेथॉनचा फॉर्म तोवर भरू नकोस.

आधी पदकाचं. शेवटचे चार किलोमीटर चालत आलीस म्हणून पदक गळ्यात घालून घ्यायला लाज वाटली, असं लिहिलंयस. का गं? शर्यतीला अंतर स्वतःच्या पायांनी काटायचं असतं, आणि तू ते काटलंस. चालू नये असा नियम नाही. जेफ गॅलोवे नावाचे एक धावपटू होते. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेकडून दहा हजार मीटर पळाले आणि पुढे त्यांनी नवशिक्यांना पळायला शिकवलं ते याच रीतीने: काही मिनिटं पळा, थोडं चाला, पुन्हा पळा. त्या पद्धतीने कितीतरी लोक मॅरेथॉन पुरी करतात आणि हसत करतात. फरक इतकाच की ते पहिल्या किलोमीटरपासून ठरवून चालतात, आणि तुला सतराव्या किलोमीटरला मांड्यांनी चालायला लावलं. बोलायचं आहे ते या फरकाबद्दल. लाजेचा इथे काही संबंध नाही. ते पदक देवघराशेजारच्या खुंटीवर लाव. आजी आली की तिला दाखव.

आता आकडे. एकूण वेळ 2 तास 48 मिनिटं. तुझं लक्ष सव्वादोन तासांचं होतं, म्हणून तू नाराज आहेस. पण माझी नजर दुसऱ्याच गोष्टीवर खिळली. वळणापर्यंतचा चढ तू 75 मिनिटांत चढलीस आणि तोच रस्ता उतरायला तुला 93 मिनिटं लागली. यवतेश्वरचा घाट चढायला कमी वेळ आणि उतरायला जास्त! हे एकदा नीट समजून घेतलंस तर पुढची दहा वर्षं पुरेल एवढं शिकलीस म्हणून समज.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. तिचं नावच सांगतं की हे सपाटीचं काम नाही. गावातून समर्थ मंदिराकडे, तिथून घाटाला लागायचं, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि आलेल्या वाटेने परत फिरायचं. म्हणजे अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. सप्टेंबरात वर धुकं असतं, भुरभुर पाऊस असतो, कडेला ढोल-ताशे वाजत असतात, गावातली पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी असतात. अशा हवेत श्रम जाणवत नाहीत. तू लिहिलंयस, "मामा, घाटात मी इतक्या जणांना मागे टाकलं, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं." तुझा तेवढा आनंद खराच आहे, तो मी हिरावून घेत नाही. पण घाटात मागे टाकलेल्यांपैकी किती जण उतारावर तुझ्या शेजारून पुढे गेले, हेही तूच लिहिलंयस. त्यांनी उतारावर काही जादू केली नाही. त्यांच्या मांड्या अजून शाबूत होत्या, एवढंच.

उतारावर शरीरात काय होतं ते सांगतो. चढताना छाती भरून येते, म्हणून चढ अवघड वाटतो. उतारावर श्वास मोकळा होतो आणि माणसाला वाटतं, आता सुटलो. पण प्रत्येक पावलाला शरीराचा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर पडतो आणि तो स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो. ताणत ताणत काम करणारा स्नायू आतून बारीक बारीक तुटतो. ते त्या क्षणी फारसं दुखत नाही. पाय थरथरू लागतात, गुडघा वाकला की सरळ व्हायला वेळ लागतो, आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं राहतं. दोन दिवस तू जिना उलटा, मागे तोंड करून उतरलीस, ते यामुळेच. त्याला घाबरायचं कारण नाही. आठवड्याभरात ते भरून येतं, आणि भरलेला स्नायू पुढच्या उताराला आधीपेक्षा बळकट असतो. पण चढावर दमवून टाकलेल्या मांड्या घेऊन उताराला लागलं की ब्रेक लावायला काही उरत नाही. हाच चढ तू दहा मिनिटं सावकाश, 85 मिनिटांत चढली असतीस, तर उतार 75 मिनिटांत झाला असता असं माझं मत आहे. एकूण वेळ आठ मिनिटांनी कमी झाली असती, आणि शेवटचे चार किलोमीटर तू पळत आली असतीस.

तुझ्या पुण्यात वेताळ टेकडी आहे. पुढच्या वेळी डोंगरातली शर्यत घ्यायची असेल तर तिथे उतरायचा सराव कर. सगळे चढायचाच सराव करतात. उतरताना पावलं आखूड टाक, गुडघे किंचित वाकलेले ठेव, अंग मागे रेलू देऊ नकोस. मागे रेललं की टाच आधी आपटते आणि प्रत्येक दणका गुडघ्यात जातो. नजर चार-पाच पावलं पुढे ठेव. हात कडेला थोडे मोकळे सोड. बुटाची नाडी उतरायच्या आधी घोट्याजवळ घट्ट कर, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख बुटाला घासणार नाही. तुझं नख काळं पडलंय ते त्यामुळेच. ते उपटू नकोस, नवीन नख खालून आपोआप येईल.

आता वेगाबद्दल. नोकरीची सगळी वर्षं मी शाळेच्या मैदानावर काढली आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. तालुका स्पर्धेत तीन हजार मीटरला 200 मीटरच्या आखणीवर पंधरा फेऱ्या असत. फक्कीच्या रेषा, कडेला गावोगावचे शिक्षक आणि पोरांची भावकी. शिट्टी वाजली की पोरं शंभर मीटरची शर्यत असल्यासारखी सुटत. चौथ्या फेरीला बरगडीखाली हात जात आणि सातव्या-आठव्याला एकेक जण रेषेबाहेर बसे. आमच्या शाळेत एक मुलगा होता. पहाटे डेअरीवर दूध घालून मग शाळेत येई. पहिल्या फेरीला तो कायम शेवटून दुसरा-तिसरा. मी घड्याळ धरून त्याच्या प्रत्येक फेरीची वेळ मोठ्याने सांगत असे, आणि तो आकडा एखाद-दुसऱ्या सेकंदापलीकडे हलत नसे. दहाव्या फेरीला तो पुढच्यांना गाठू लागे. कडेचे लोक ओरडत, "बघा, बघा, आता कसा सुटलाय!" तो सुटलेला नसे. पहिल्या फेरीला जसा पळत होता तसाच पळत असे. पुढचे त्याच्याकडे मागे येत असत.

त्या मुलाला कुणी हे शिकवलं नव्हतं. तुला शिकावं लागेल, कारण तुझ्या मनगटावर दर किलोमीटरला बोलणारं घड्याळ आहे आणि तुझ्या ग्रुपमध्ये रोजचे आकडे टाकायची पद्धत आहे. तुझे गेल्या तीन महिन्यांचे आकडे मी पाहिले. मंगळवार असो, गुरुवार असो, रविवार असो, तुझा वेग जवळजवळ एकच आहे, आणि तो वेग सरावासाठी फार जास्त आहे. म्हणजे तू रोज थोडी थोडी शर्यतच पळतेस. आठवड्यातले बहुतेक दिवस इतकं हळू पळायचं असतं की पळता पळता बोलता यावं. तुला भीमरूपी पाठ आहे ना? लहानपणी माझ्या मांडीवर बसून म्हणायचीस. पळताना त्याचं एक कडवं धाप न लागता म्हणता आलं, तर वेग बरोबर. मध्येच श्वास तोडावा लागला, तर वेग कमी कर. त्या वेगाने पळताना शेजारून एखादी आजी झपझप चालत पुढे गेली तरी जाऊ दे. या संथ पळण्यानेच स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि शरीर साठवलेली साखर जपून चरबी जाळायला शिकतं. जोराचं पळणं आठवड्यातून एकदाच पुरे.

पूर्ण मॅरेथॉनला माझा विरोध का, ते आता लिहितो. जानेवारीत मुंबई, म्हणजे हातात चार महिनेसुद्धा नाहीत. छाती आणि हृदय लवकर तयार होतात, काही आठवड्यांत फरक जाणवतो. हाडं, सांधे आणि पोटरीतून टाचेकडे जाणारी ती जाड शीर मात्र महिनोन्महिने घेते. म्हणून नवा धावक नेमका अशा वेळी जायबंदी होतो, जेव्हा त्याला सगळ्यात छान वाटत असतं. दम टिकतोय, अंतर वाढतंय, आणि एके सकाळी नडगीत कळ येते. नवा गोऱ्हा औताला धरला की जाणता शेतकरी पहिल्या दिवसांत दोन-चार तास चालवून सोडतो. बैल ओढायला तयार असतो, तरी सोडतो. तुला मी सध्या सोडतोय असं समज. शिवाय मुंबईची हवा दमट. पेडर रोडचा चढ पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना लागतो तो अंगातलं सगळं संपत आल्यावर, ऊन वर आल्यावर. यवतेश्वरच्या उताराने जे सतराव्या किलोमीटरला केलं, ते तिथे पंचविसाव्याला होईल आणि पुढे आणखी सतरा शिल्लक असतील.

तू अविनाश साबळेचा व्हिडिओ पाठवला होतास. आपल्याला तो परका नाही. आष्टी तालुक्यातलं मांडवा म्हणजे नगरच्या पलीकडचंच गाव. 2020 च्या नोव्हेंबरात दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे एक किलोमीटर सुमारे 2 मिनिटं 52 सेकंदांत, आणि असे एकवीस. ते पाहून अंगावर काटा येतो हे खरं. पण त्यामागचं पाहा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, लहानपणापासून शाळेची लांबची वाट पायी तुडवलेली, मग महार रेजिमेंट, सियाचीनची बर्फातली नेमणूक, आणि त्यानंतर कुठे सैन्याच्या क्रॉस-कंट्रीतून पळण्याला सुरुवात. विक्रमाच्या त्या तासाआधी पायांत पंधरा-वीस वर्षं मुरलेली होती. सावरपाड्याच्या कविता राऊतचंही तसंच. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचं ब्राँझ मिळवलं तेव्हा सगळा महाराष्ट्र तिला ओळखू लागला. दक्षिण आशियाई स्पर्धेतलं मॅरेथॉनचं सुवर्ण तिला मिळालं ते 2016 साली, गुवाहाटीत, आणि त्यावर ती रिओ ऑलिंपिकला गेली. मधली सहा वर्षं रिकामी नव्हती. ती पळतच होती.

आणि अगदी जुनं उदाहरण हवं असेल तर बेळगावचे फडेप्पा चौगुले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी खेळांत खेड्यापाड्यातले तरुण अनवाणी लांब अंतरं पळताना दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्या प्रयत्नांतून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे त्यात मॅरेथॉनला होते. तेव्हा मॅरेथॉनचं अंतर ठरलेलं नव्हतं. 42.195 किलोमीटर हा आकडा 1908 च्या लंडनचा, तो सगळीकडे लागू झाला 1921 साली. अँटवर्पला तर 42.75 किलोमीटर होते. थंडी, पाऊस, परका मुलूख, आणि चौगुले 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. तुझ्या शर्यतीचं 21.0975 हे अंतर त्याच लंडनच्या आकड्याचं निम्मं. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर कुणाला नको वाटतात, पण त्यामागे इतका इतिहास आहे.

मुद्दा असा, की निदान दोन हंगाम हाफच पळ. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन असते, 1983 पासूनची. तिच्यातली हाफ घे. तुझ्या घरापासून जवळ, रोजचे ओळखीचे रस्ते, यवतेश्वरसारखा घाट नाही. त्या दिवशी लक्ष वेळेचं ठेवू नकोस. लक्ष एकच: दुसरी साडेदहा किलोमीटर पहिल्यापेक्षा एक मिनिट तरी कमी वेळात व्हावीत. सुटताना गर्दी पुढे पळेल, पळू दे. पहिले तीन किलोमीटर भीमरूपीच्या वेगाने. पंधरा ओलांडल्यावर अंगात असेल तेवढं काढ. हे एकदा जमलं की वेळ आपोआप खाली येईल.

पाण्याचंही सांगतो. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी घेतलंस आणि पोट डचमळलं, असं लिहिलंयस. तहान लागेल तेवढंच पी. घामातून मीठ जातं, आणि नुसतं पाणी भसाभस प्यायलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. त्याने मळमळतं, डोकं गरगरतं, फार झालं तर जीवावरही बेततं. दीड तासानंतर मीठ-साखरेचं लिंबू सरबत किंवा ओआरएस घे. शर्यतीत जे खायचं ते आधी रविवारच्या लांब पळण्यात खाऊन पाहिलेलंच असावं. बुटांचंही तसंच, नवे बूट शर्यतीच्या दिवशी कधी नाही.

मामी शेजारी बसून सांगतेय तेही लिहितो. हिमोग्लोबिन तपासून घे, आणि लवकर घे. आपल्या घरातल्या बायकांचं ते कायम कमी असतं आणि पळणाऱ्या बाईला कमी रक्त परवडत नाही. तुला शेवटी आलेला थकवा सगळा वेगाचा नसेलही. बाजरीची भाकरी, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी यांनी मदत होते. पण आकडा खरंच खाली असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्या लागतील, त्यात टाळाटाळ नको. पाळी अनियमित होऊ लागली तर ते पळणं जास्त आणि खाणं कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. ते कुणापासून लपवू नकोस. मामीला सांग.

दिवाळीला येशील तेव्हा इथे पळायचंच आहे, तर चार गोष्टी आधीच सांगतो. पुण्यातल्यासारखं पहाटे साडेचारला बाहेर पडायचं नाही. आपल्याकडे उसात बिबटे आहेत, हे तुला माहीत आहेच. ऊसतोड सुरू झाली की त्यांची लपायची जागा जाते आणि ते कुठेही दिसतात. नीट उजाडल्याशिवाय उसाच्या कडेने जायचं नाही, एकटीने तर मुळीच नाही, आणि कानात गाणी लावायची नाहीत. नगर-मनमाड रस्त्यावर पळायचं नाही. शिर्डीच्या गाड्या, मोठमोठी वाहनं, आणि कडेला पाय ठेवायला जागा नाही. फॅक्टरीकडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागची ट्रॉली वळणावर हेलकावते आणि ऊस बाहेर आलेला असतो, तो खांद्याला लागतो. समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूने पळ आणि ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून खाली उतर, वेळेचा विचार करू नकोस. कालव्याकडेची वाट सगळ्यात चांगली. माती आहे, पायाला मऊ लागते, मैलभर कुणी आडवं येत नाही.

लोक बघतील. कुणी विचारेल, "पोरी, एवढी कुणाच्या मागं पळतीयेस?" सरळ थांबून सांग की एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करतेय. तू चार दिवस पळालीस की शाळेतल्या दोन-तीन मुली आपसूक मागे येतील, मला त्याची खात्री आहे. त्यांना सोबत घे. त्यांच्या आईबापांशी मी बोलेन.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, त्या दिवशी सुट्टी. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आपण कालव्याने बारा किलोमीटरचं सावकाश पळणं करू. तू पळायचंस, मी सायकलवर. पाणी आणि गुळाचे खडे माझ्याकडे राहतील, तुझं घड्याळही. तोवर आठवड्यातून चारच दिवस पळ, त्यातले तीन हळू, आणि मंगळवारी व्यायामशाळेत मांड्यांचे व्यायाम कर. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मामीच्या फोनवर पाठव. तुझे जुने बूट टाकून देऊ नकोस, टाच कुठल्या बाजूने झिजली आहे ते मला पाहायचं आहे. येताना घेऊन ये.

तुझ्या आईला नमस्कार, बाबांना साष्टांग.

तुझा,
मामा